वाईट गाण्यांचीं पंधरा मिनिटें

यंदा नववीच्या मुलांनीं एक विलक्षण परवानगी मागितली : शनिवारीं मधल्या सुटींत पंधरा मिनिटें शाळेच्या ध्वनिवर्धकावरून मुद्दाम निवडलेलीं वाईट गाणीं लावावयाचीं! शिक्षकांपैकीं बहुतेकांनीं ती नाकारली. आम्हीही त्या वेळीं गप्प बसलों, हें कबूल केलें पाहिजे.

गाणीं वाईट होतीं यांत शंका नाहीं. ओढूनताणून जुळविलेलीं यमकें, उसनी चाल आणि वाद्यांचा नुसता गलबला. परंतु बंदीनें अभिरुचि सुधारते काय? १९५२ सालीं नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले डॉ. बाळकृष्ण केसकर शास्त्रीय संगीताचे मोठे अभिमानी. त्यांच्या कारकीर्दींत आकाशवाणीवरून सिनेमाचीं गाणीं जवळजवळ हद्दपार झालीं. श्रोत्यांनीं रागदारी ऐकण्याऐवजीं रेडिओ सिलोन लाविला, आणि गाण्यांबरोबर टूथपेस्टची जाहिरातही पदरांत घेतली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं सरकारलाच विविध भारती सुरू करावी लागली. (तीच पुढें आपल्या बोरिवलीची शेजारीण झाली.) १९६७ पर्यंत तिजवर जाहिराती नव्हत्या.

मुलांच्या बेतांतही कोणी कांहीं विकणार नव्हतें. विकणारा मध्यें नसला म्हणजे वाईट गाण्यास चांगलें म्हणावें लागत नाहीं. खुशाल हंसतां येतें. शिवाय निवड करावयाची तर गाणें कोठें बिघडलें तें कान देऊन ऐकलें पाहिजे. प्रार्थनेच्या वेळीं पेटीवर आमचें बोट चुकतें तेव्हां हींच मुलें प्रथम हंसतात.

पुढील सत्रीं ती परवानगी आम्ही स्वतःच मागणार आहों.