गोळी पोटात गेली, पण अंगी लागली का?

आपल्याकडे दोन गोळ्या घरोघरी सापडतात. एक रक्तवाढीची, दुसरी पित्ताची. पहिली आशाताई आणून देतात, दुसरी आपणच मेडिकलमधून आणतो. पण या दोघींचं एकमेकींशी पटत नाही, हे आपल्याला कुणी सांगतच नाही.

बचत गटाच्या कामानिमित्त मी खेड्यापाड्यांत फिरते. ‘ताई, गोळ्या खाऊन तीन महिने झाले, पण हिमोग्लोबिन काही हलेना,’ ही तक्रार नेहमीचीच. त्यावर ठरलेलं उत्तर, ‘तू गोळ्या खातच नसशील!’ बाईवर अविश्वास दाखवणं सगळ्यात सोपं ना! ती गोळी कशाबरोबर घेते, हे मात्र कोणी विचारत नाही.

मैत्रिणींनो, गोळी आधी पोटात विरघळायला हवी, मगच ती आतड्यातून रक्तात जाणार. जठरातलं आम्ल लोह विरघळवायला मदत करतं. लोहाच्या गोळीनं जळजळ होते, म्हणून आपण लगेच पित्ताचं पातळ औषध पितो. आम्ल कमी झालं की लोह नीट विरघळत नाही आणि बरंचसं वाया जातं. वर कपभर चहा झाला, की उरलंसुरलंही अडतं. सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या काही पित्ताच्या गोळ्या तर आम्ल तयार होणंच कमी करतात. त्यांचा परिणाम दिवसभर टिकतो आणि आपण त्या महिनोन्‌महिने स्वतःच्या मनानं घेत राहतो. थायरॉइडच्या गोळीलाही हा शेजार मानवत नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. त्याला कारणं अनेक आहेत. सगळ्यांच्या शेवटी जेवणं हेही त्यातलंच. पण हाती आलेली गोळीसुद्धा फुकट जावी, हे काही पटत नाही.

चिठ्ठीवर फक्त ‘एक-शून्य-एक’ लिहून भागणार नाही. डॉक्टरांनी, मेडिकलवाल्यांनी आणि आशाताईंनी ‘पित्ताचं काही घेता का?’ एवढं विचारलंच पाहिजे. त्यांनी नाही विचारलं, तर आपण सांगायचं. त्यात कसली आली लाज?

तोवर एवढं पाळा. लोहाची गोळी आणि पित्ताचं पातळ औषध यांत किमान दोन तासांचं अंतर ठेवा. कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी घ्या. थायरॉइडची गोळी असेल, तर लोह, कॅल्शियम आणि पित्ताचं औषध तिच्यापासून चार तास दूर ठेवा. लोहाच्या गोळीवर चहाऐवजी लिंबूपाणी घ्या. रोजची पित्ताची गोळी डॉक्टरांनी दिली असेल, तर ती परस्पर बंद करू नका. पण ‘मी लोहही घेते’ हे त्यांच्या कानावर नक्की घाला.

घरातल्या प्रत्येकाच्या औषधाची वेळ आपल्याला तोंडपाठ असते. आता स्वतःच्या गोळीचीही ठेवूया.