गाडी पंधरा वर्षांची, सॉफ्टवेअर किती वर्षांचे?

मरोळ नाक्यावर २०१४ साली मेट्रोची पहिली मार्गिका आली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये भुयारी मेट्रो-३ तिला येऊन मिळाली. त्याच वर्षी जानेवारीत अटल सेतू आणि मार्चमध्ये सागरी किनारा मार्गाचा पहिला टप्पा खुला झाला. दशकभरात मुंबईचा नकाशा असा पालटला. परंतु मरोळच्या एखाद्या सोसायटीत उभ्या असलेल्या २०१६ सालच्या मोटारीतील पडद्याला, त्याचे सॉफ्टवेअर आणि नकाशे अद्ययावत केले नसतील, तर यातले काहीच ठाऊक नसते. इंजिन ठणठणीत, टायर नवे, आणि पडदा मात्र जुन्याच शहरात वावरतो.

हा प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही. २०१५ साली अमेरिकेत चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोन संशोधकांनी जीप चेरोकीच्या इन्फोटेनमेंट यंत्रणेतून दूरवरून शिरकाव करून धावत्या गाडीवर ताबा मिळवून दाखविला. त्यानंतर फियाट क्रायस्लरला सुमारे १४ लाख वाहनांसाठी सॉफ्टवेअर दुरुस्ती जाहीर करावी लागली आणि मालकांना टपालाने पेन ड्राइव्ह पाठवावे लागले. गाणी वाजविणारा पडदा आणि ब्रेक यांच्यातील अंतर किती थोडे आहे, हे तेव्हा जगाला कळले.

आपल्याकडे खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी होते आणि तपासणीनंतर तिचे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करता येते. म्हणजे कायदा गाडीचे आयुष्य मोजतो. तिच्या सॉफ्टवेअरचे नाही. कंपनीने अपडेट देणे थांबविले, तर ग्राहकापुढे दोनच मार्ग उरतात : बाजारातून नवा पडदा बसविणे किंवा कुणाकडून तरी मिळालेली फाइल टाकून पाहणे. चुकीच्या आवृत्तीमुळे, किंवा अपडेट चालू असताना बॅटरीने दगा दिल्याने, संपूर्ण युनिट निकामी होऊ शकते.

नाक्यावरच्या गॅरेजवाल्याकडे कसब असते, पण कंपनीचे सॉफ्टवेअर नसते. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि दोषनिदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना खुली नसल्याबद्दलच. पुढे प्रकरण अपिलात गेले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘दुरुस्तीचा अधिकार’ हे संकेतस्थळ सुरू केले व त्यात वाहन क्षेत्राचाही समावेश केला. मात्र माहिती देणारे संकेतस्थळ म्हणजे बंधनकारक कायदा नव्हे.

तेव्हा मागणी साधी आहे. गाडी विकतानाच, तिचे सॉफ्टवेअर किती वर्षे अद्ययावत ठेवले जाईल, हे कंपनीने लेखी सांगावे. सुरक्षेशी निगडित दुरुस्त्या नोंदणीच्या मुदतीपर्यंत विनामूल्य द्याव्यात. आणि मुदत संपल्यावर अधिकृत फाइल व साधने स्वतंत्र गॅरेजांना खुली करावीत. पंधरा वर्षांचा रस्ता कर एकरकमी भरणाऱ्या ग्राहकाला एवढे मागण्याचा हक्क निश्चितच आहे.