गाडीला रंग कोणता द्यावा?

काय दोस्तांनो, चित्रकलेच्या वहीत तुम्ही शर्यतीची गाडी काढता, ती कोणत्या रंगाची? लालच ना! आमच्या वर्गातही तेलखडूंच्या पेटीतला लाल तेवढा आधी संपतो. पण पूर्वी शर्यतीत गाडीचा रंग देशावरून ठरे. इटलीची लाल, फ्रान्सची निळी, इंग्लंडची हिरवी.

त्याच इंग्लंडात १९६१ साली जग्वार कंपनीने 'ई-टाइप' गाडी काढली. जिनिव्हाच्या प्रदर्शनात करडी ई-टाइप आधीच पोचली होती. बघायला ही झुंबड! मग नॉर्मन ड्युइस यांनी कॉव्हेंट्रीहून दुसरी, हिरवी गाडी रातोरात पळवत नेली.

आता समजा, अशी एक जुनी गाडी दुरुस्तीला आलीय. मालकाला हवा लाल, आणि आतला गालिचा उचलला तर खाली मूळचा करडा! काय करायचं? गाडी त्याची, हौस त्याची, हे खरं. पण जुना रंग एकदा खरवडला की गेलाच. म्हणून जाणते कारागीर आधी कंपनीची नोंद मागवतात. तीत बाहेरचा रंग असतो, आतल्या कातडी बैठकीचाही. जोडी जुळायला नको? बंपरच्या चकचकीत क्रोमवर मात्र कुणी रंग फासू नये बुवा!

मग, लाल की करडा? आई-बाबांशी भांडून ठरवा आणि मला पत्र टाका.