हातमोज्यांच्या आतले हात

शल्यविशारदाच्या हातातील रबरी मोजे हे आज रुग्णाच्या सुरक्षिततेचे चिन्ह मानले जाते. परंतु त्यांचा जन्म रुग्णासाठी झाला नव्हता. १८८९ च्या सुमारास अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलिन हॅम्प्टन या परिचारिकेच्या हातांची कातडी पारदयुक्त जंतुनाशक द्रावणाने पार सोलवटून निघाली, तेव्हा विल्यम हॅल्स्टेड या शल्यविशारदाने गुडइयर रबर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ मोजे करवून घेतले. (पुढे दोघांचा विवाह झाल्याने ही हकीकत प्रणयकथा म्हणूनच अधिक सांगितली जाते.) मोज्यांनी जंतुसंसर्गही टळतो, हे नंतर ध्यानात आले. आरंभी प्रश्न होता तो एका कर्मचारी स्त्रीच्या कातडीचा. आज तोच प्रश्न मोज्यांच्या आत पुन्हा उभा आहे आणि त्याची दखल घेण्यास कोणी हॅल्स्टेड पुढे येताना दिसत नाही.

२०२० साली कोविडच्या साथीत चीनच्या हुबेई प्रांतातील ५४२ आरोग्य कर्मचाऱ्यांची पाहणी करण्यात आली. त्यांतील ९७ टक्के लोकांनी त्वचेला इजा झाल्याचे सांगितले. सर्वाधिक तक्रार नाकाच्या दांड्याची होती. यात नवल नाही. एन-९५ मुखपट्टी घट्ट बसली तरच उपयोगी, आणि घट्ट बसली की नाक व गाल यांवर तिचा दाब सतत राहणार. मोज्यांत हवा शिरत नाही; घामाने कातडी पांढुरकी, फुगीर आणि ठिसूळ होते. त्यात वारंवार साबणाने हात धुतल्याने तिच्यावरचा स्निग्ध थर नाहीसा होतो, आणि मग भेगा, खाज, दाह ही मालिका सुरू होते. मुंबईच्या एप्रिल-मे महिन्यांतील दमट उकाड्यात नखशिखांत बंद पोशाख चढवून, पाणीही न पिता सारी पाळी काढणाऱ्यांचे काय झाले असेल, ते वेगळे सांगावयास नको. त्यांच्यासाठी २२ मार्च २०२० रोजी थाळ्या वाजल्या, ३ मे रोजी रुग्णालयांवर फुले उधळली गेली. मलमाची डबी मात्र ज्याची त्यानेच विकत घ्यावयाची होती.

साथ ओसरली म्हणून प्रश्न ओसरला, असे मानणे चुकीचे ठरेल. मोजे आणि हात धुणे हे रोजचेच आहे. शिवाय हा केवळ सोशिकपणाचा विषय नव्हे. भेगाळलेल्या हातांना जंतुनाशक लावले की आग होते. साहजिकच ते लावण्याची टाळाटाळ होते, आणि अशा कातडीवर रोगजंतूही अधिक काळ ठाण मांडून बसतात. म्हणजे परिचारिकेच्या हाताची हेळसांड अखेर खाटेवरील रुग्णाच्या जिवावर येते. सफाई कामगारांची स्थिती तर याहून वाईट. फरशी पुसण्याचे सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण ते हाताळतात. मोजा फाटला तर दुसरा मागण्याची कंत्राटी माणसाला सोय नसते, आणि त्यांच्या हातांची पाहणी कोणी केल्याचे सहसा ऐकिवात येत नाही.

कायद्याची रीत मोठी मौजेची होती. १९४८ च्या कारखाने कायद्याने रसायने व रंग यांच्या संपर्काने होणारा त्वचादाह व्यवसायजन्य रोगांच्या यादीत घातला होता. पण रुग्णालय म्हणजे कारखाना नव्हे! तेव्हा रंगाऱ्याचा त्वचारोग हा व्यवसायाचा आणि परिचारिकेचा मात्र तिच्या नशिबाचा ठरला.

उपाय अवघड नाहीत. हात दिसण्याजोगे मळलेले नसतील तेव्हा साबणाऐवजी अल्कोहोलयुक्त द्रावण वापरावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिच्या सूत्रात ग्लिसरीन असते ते त्वचेसाठीच. अमेरिकेने २०१७ पासून भुकटी लावलेल्या वैद्यकीय मोज्यांवर बंदी घातली. मुखपट्टीच्या दाबाच्या जागी पातळ संरक्षक पट्टी लावता येते, अर्थात मुखपट्टीची पकड सैल होत नाही याची खात्री करून. मधून मधून पोशाख उतरविण्याची मुभा द्यावयाची तर माणसे अधिक नेमावी लागतील, आणि खरी अडचण तेथेच आहे. रिक्त पदे भरण्यास वेळ लागेल, हे समजण्यासारखे आहे. पण मोज्यांच्या खरेदीची निविदा दरवर्षी निघतेच. तीत भुकटीविरहित मोजे आणि हातांचे मलम यांची एक ओळ घालण्यासाठी कोणत्याही समितीच्या अहवालाची वाट पाहण्याचे कारण नाही.