पडीक वर्षाचं शहाणपण

इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यात पिल्टन नावाचं एक खेडं आहे. तिथल्या वर्दी फार्म नावाच्या दुभत्या गुरांच्या शेतावर जूनच्या शेवटी ग्लास्टनबरीचा संगीत महोत्सव भरतो. पाच दिवस, दोन लाखांहून अधिक माणसं, शंभरावर रंगमंच. तिकिटं विक्रीला आली की तासाभरात संपतात. असा हा महोत्सव २०२६ साली मात्र नाही. पैसे बुडाले म्हणून नव्हे, कलाकार मिळाले नाहीत म्हणून नव्हे, सरकारने परवाना नाकारला म्हणूनही नव्हे. जमिनीला विश्रांती हवी म्हणून. याआधी २००६, २०१२ आणि २०१८ या सालीही असाच खंड होता. ते लोक याला शेतकऱ्याच्याच भाषेतला शब्द वापरतात. आपल्या भाषेत सांगायचं तर 'पडीक वर्ष'.

मला या बातमीने विचारात पाडलं, कारण 'पडीक' हा शब्द आपण हल्ली फक्त शिवी म्हणून वापरतो. सरकारदप्तरी पडीक म्हणजे निरुपयोगी, रिकामी, कुणीही येऊन काहीही करावं अशी जागा. शेतकऱ्याच्या तोंडी मात्र त्याचा अर्थ वेगळा होता. ज्या जमिनीने पीक दिलं तिला एखादं वर्ष पड ठेवायची, म्हणजे तिने दिलेल्याचा मान राखायचा. आमचे जुने लोक कुमेरीची शेती करत तेव्हा डोंगराचा एक तुकडा कसून झाला की तो सोडून पुढे जात आणि रान परत उगवायला वेळ देत. कुमेरीचे दोष असतील, पण पुन्हा तिथेच कोयता चालवायचा नाही, इतकं भान त्यात होतं.

ग्लास्टनबरीला हे भान कुठून आलं? मला वाटतं, त्याचा यजमान शेतकरी होता म्हणून. मायकेल इव्हिस यांनी १९७० च्या सप्टेंबरात पहिला महोत्सव भरवला तेव्हा दीडएक हजार माणसं आली होती. तिकीट एक पौंड, आणि त्यात शेतावरचं दूध फुकट. महोत्सव वाढत गेला तरी शेत शेतच राहिलं. लोक गेले की चुंबक लावलेली वाहनं रानातून फिरवतात, कारण तंबूची एखादी लोखंडी खुंटी गवतात राहिली आणि गाईच्या पोटात गेली तर गाय जायची. शहरातल्या मैदानावर महोत्सव भरवणाऱ्याला ही काळजी सुचणार नाही. ज्याला पुढल्या महिन्यात त्याच रानात गुरं सोडायची आहेत, त्यालाच ती सुचते.

आता, तिथलं सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. २०१७ साली त्या पाच दिवसांत प्लास्टिकच्या दहा लाखांहून अधिक बाटल्या खपल्या होत्या. मग २०१९ पासून तशा बाटल्यांची विक्रीच बंद केली. २०१४ साली मैलापाण्याची गळती होऊन जवळच्या व्हाइटलेक नदीतले मासे मेले आणि महोत्सवाला न्यायालयात दंड भरावा लागला. २०१९ च्या महोत्सवाच्या वेळी घेतलेल्या याच नदीच्या पाण्यात अमली पदार्थांचे अंश सापडल्याचं संशोधकांनी २०२१ मध्ये जाहीर केलं. लोक तंबू टाकून जायचे ते वेगळंच. २०२३ साली वीज अपारंपरिक स्रोतांतून आणि वापरलेल्या तेलापासून केलेल्या इंधनातून घेतली, पण दोन लाख माणसं तिथवर येतात ती काही चालत येत नाहीत. तेव्हा ग्लास्टनबरी हा पुण्याचा डोंगर नव्हे. पण दंड झाल्यावर, टीका झाल्यावर एकेक गोष्ट बदलत जाणं आणि पाच-सहा वर्षांनी एकदा स्वतःहून थांबणं, या दोन गोष्टी त्याच्या जमेला आहेत. यातली दुसरी मला पहिलीपेक्षा मोठी वाटते. बाटली बदलायला खर्च येतो. थांबायला लोभ सोडावा लागतो.

आपल्याच देशातलंही एक उदाहरण आहे. अरुणाचलातल्या झिरो खोऱ्यात २०१२ पासून सप्टेंबरच्या अखेरीस संगीत महोत्सव भरतो. तिथे आपातानी लोक राहतात. भाताच्या वाफ्यात पाणी अडवून त्यातच मासे वाढवणारे हे शेतकरी. त्यांची बांबूची राखलेली बनं प्रसिद्ध आहेत. महोत्सवाचे रंगमंच याच बांबूचे, गावच्याच कारागिरांनी बांधलेले. बाहेरून लोखंडी सांगाडे आणून उभे केलेले नव्हेत. म्हणजे रंगमंच कसा बांधायचा हे गावाला ठाऊक असतं, पाहुण्याने ते गावाकडून शिकायचं असतं.

हे सगळं मी आज का लिहितो आहे? कारण आमच्या गावात एक प्रस्ताव आला आहे. गावच्या सड्यावर हिवाळ्यात 'पर्यावरणस्नेही संगीत आणि कला महोत्सव' भरवायचा. प्रस्ताव आणणाऱ्यांचं नाव इथे घेत नाही, त्याची गरज नाही. माणसं सभ्य आहेत, चांगलं संगीत ऐकणारी आहेत. स्टीलची ताटं, मातीचे पेले, कागदी नळ्या, सौरदिवे असं सगळं त्यांच्या कागदांवर आहे. गावातली तरुण मुलं हुरळली आहेत आणि म्हातारी माणसं गप्प आहेत. ग्रामसभेत विषय येणार आहे. त्या कागदांत एक वाक्य आहे, तेवढंच मला खटकलं: 'जागा पडीक असल्याने कोणतेही नुकसान संभवत नाही.'

सडा डिसेंबरात पाहिला तर कुणालाही हे वाक्य पटेल. काळा, तापलेला जांभा, वाळलेलं गवत, मधेच एखादं करवंदाचं जाळं. पण तोच सडा श्रावणात पाहा. कातळावर बोटभर माती असते, तिच्यावर इवल्या फुलांचे गालिचे पसरलेले असतात. चवथीच्या माटोळीला लागणारी हरणां आणि कांगलां आणायला आम्ही लहानपणी कुठे जायचो? बाजारात नव्हे. आणि सड्यावर पडलेला पाऊस जांभ्यातून मुरत मुरत खाली उतरतो, तोच पायथ्याच्या झरीला येतो, आणि तीच झर उन्हाळ्यात कुळागराला पाणी देते. बियाणं त्या बोटभर मातीतच झोपलेलं असतं. त्यावरून जनित्रांचे ट्रक गेले, हजारो पाय नाचले, तर स्टीलच्या ताटांनी ते कसं वाचणार? कचरा उचलता येतो. चेपलेली माती उचलून ठेवता येत नाही.

'पर्यावरणस्नेही' हा शब्द हल्ली 'शुद्ध शाकाहारी'च्या पाटीसारखा झाला आहे. पाटी लावली की स्वयंपाकघर कुणी पाहत नाही. माझ्या मते पाहायच्या गोष्टी तीनच आहेत. जमीन कुणाची, माणसं किती, आणि थांबायचं कधी. बाकी सगळं त्यानंतरचं.

गंमत अशी, की या तिन्ही प्रश्नांची उत्तरं आपल्या परंपरेत होती. आपल्या गावांत खेळायच्या-गायच्या जागेला 'मांड' म्हणतात. पौषात बायका धालो घालतात ते मांडावर, शिगम्याचं नमन होतं ते मांडावर. वर्षातल्या ठरल्या रात्री तिथे गाणं होतं आणि एरवी ती जागा मोकळी राहते. तिथे चपला घालून कुणी जात नाही, घाण करत नाही. म्हणजे मांड हा वर्षाचा बहुतेक काळ पडीकच असतो, आणि पडीक असतो म्हणूनच पवित्र असतो. माशेलला आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी चिखलकाला होतो. देवकीकृष्णाच्या देवळासमोरच्या चिखलात पोरंबाळं, बाप्ये लोळतात, खेळतात. त्याला लागतं काय? पाऊस, माती आणि माणसं.

आणि थांबण्याचं म्हणाल, तर आपल्या उत्तरेला मालवण तालुक्यात आचऱ्याची गावपळण आहे. साधारण चार वर्षांनी एकदा देवाचा कौल घेऊन अख्खं गाव वेशीबाहेर जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. तीन दिवस, तीन रात्री राहुट्या टाकून उघड्यावर राहायचं, भजनं म्हणायची, फुगड्या घालायच्या, गप्पा छाटायच्या. मग पुन्हा कौल घेऊन परत. मागे गाव निर्मनुष्य. चिंदर, वायंगणी, मुणगे या गावांतही ही रीत आहे. कुणी याला श्रद्धा म्हणेल, कुणी अंधश्रद्धा. मी तिला जगातलं सर्वांत जुनं 'पडीक वर्ष' म्हणेन. ग्लास्टनबरीने रान पड ठेवलं, आचऱ्याने गावच पड ठेवलं!

मात्र आपणही आता त्या मापाचे राहिलेलो नाही, हे कबूल करायला हवं. खाज्याचा पुडा कागदातून प्लास्टिकच्या पिशवीत गेला. जत्रा सरल्यावर देवळाचा परिसर पाहवत नाही. २०२५ च्या मे महिन्यात शिरगावला लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन माणसं दगावली, तेव्हा तर प्रश्न कचऱ्याचा उरलाच नाही. एका वाटेवर किती माणसं मावतात, हा साधा हिशेब होता. देवावर भार टाकून तो चुकवता येत नाही. तेव्हा परक्या महोत्सवाला अटी घालताना आपल्या जत्रेलाही त्याच मोजपट्टीने मोजलं पाहिजे, नाहीतर आपल्या बोलण्याला काही वजन राहणार नाही.

दुसरीकडे सनबर्नचा अनुभव आपल्या गाठीशी आहे. २००७ साली कांदोळीच्या किनाऱ्यावर सुरू झालेला हा महोत्सव २०२४ च्या डिसेंबरात पेडण्यात धारगळला भरला. गावातून विरोध झाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, अटी घालून महोत्सव पार पडला. २०२५ ला तो मुंबईला गेला. 'गेली ब्याद', असं पुष्कळांनी म्हटलं. पण एक गेला म्हणून प्रश्न गेला का? किनारा भरला, आता सगळ्यांची नजर आत, गावांकडे आणि सड्यांकडे वळली आहे. यापुढे येणारे लोक डोकं फोडणारा आवाज घेऊन येणार नाहीत. ते बांबू, माती आणि शाश्वततेची भाषा घेऊन येतील. त्यांना नुसतं 'नको' म्हणणं सोपं आहे. पण मग गावातल्या मुलांनी काय करायचं? 'भाई, चार दिवस गाडी चालली, दोन खोल्या भाड्याने गेल्या तर तुमचं काय जातं?' असं एका मुलाने मला तोंडावर विचारलं. त्याचा प्रश्न खोटा नाही. मायकेल इव्हिस यांनी पिल्टनमध्ये कष्टकरी कुटुंबांना परवडतील अशी घरं व्हावीत म्हणून आपली जमीन दिली. ज्या गोव्यात गावच्या मुलाला गावात घर घेणं परवडेनासं झालं आहे, तिथे महोत्सवाच्या उत्पन्नातला गावाचा वाटा हा विषय लाजण्यासारखा मुळीच नाही.

म्हणून ग्रामसभेत मी विरोधाचं भाषण करणार नाही. मी अटी मांडणार आहे. महोत्सव सड्याच्या कातळावर नको, देवळापुढच्या मैदानात किंवा कापणी झालेल्या शेतात शेतकऱ्याच्या संमतीने भरवा. माणसांचा आकडा आयोजकाने नव्हे, गावाने ठरवावा, तोही झरीचं पाणी, अरुंद रस्ता आणि शौचालयं मोजून. रंगमंच गावच्या सुताराने आणि माटव घालणाऱ्यांनी उभारावा. घुमट वाजवणाऱ्यांना स्वागताला उभं करून पिटाळायचं नाही, त्यांनाही रात्रीची मुख्य वेळ आणि पाहुण्या कलाकाराइतका मान द्यावा. अनामत रक्कम पंचायतीकडे ठेवावी आणि ती महोत्सवानंतर लगेच नव्हे, पुढचा पाऊस पडून गेल्यावर, जमीन कशी उगवली ते पाहून परत करावी. आणि शेवटची अट सर्वांत महत्त्वाची: तीन वर्षं भरवला की चौथं वर्ष पडीक. करारातच लिहून द्यायचं.

पहिल्या पाच अटी ते मान्य करतील असं मला वाटतं. सहाव्या अटीवर काय म्हणतात ते पाहायचं. 'प्रायोजक तुटतील, नाव मागे पडेल' असं उत्तर आलं, तर कागदावरची बाकीची हिरवी अक्षरं कशासाठी होती ते गावाला आपोआप कळेल. आणि 'बरं, चौथ्या वर्षी नाही' असं उत्तर आलं, तर मी स्वतः तिकीट काढून पहिल्या रांगेत बसेन आणि चौथ्या वर्षी त्या मोकळ्या रानातून पोराबाळांना घेऊन फिरून येईन.

तुमच्याही गावात असा प्रस्ताव आज ना उद्या येईल. ताटं कसली आहेत ते मागाहून विचारा. पहिल्यांदा विचारा, पडीक वर्ष कुठलं?