पटकथा हे वाङ्मय नव्हे काय?

पटकथा ही साहित्यकृती नव्हे, असे आपल्याकडील साहित्यरसिक मोठ्या आत्मविश्वासाने सांगत असतात. कादंबरी हे साहित्य, नाटक हे साहित्य; पटकथा म्हणजे चित्रण आटोपले की रद्दीत जावयाचा कागद! हे मत रसिकांच्या बैठकीत मांडले जाते, म्हणून ते निरुपद्रवी वाटते. परंतु ज्या लेखकाचे पोट पटकथेवर आहे त्याच्या हक्काच्या पैशावर या मताने पाणी पडते. ते कसे, हेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम वाङ्मयाच्या अंगाने पाहू. श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही कथा साहित्य आहे, यात कोणास शंका नाही. विजय तेंडुलकरांची नाटके साहित्य आहेत, याविषयीही वाद नाही. त्याच तेंडुलकरांनी त्याच कथेवरून ‘अर्धसत्य’ (१९८३) या हिंदी चित्रपटाची पटकथा लिहिली, ती तेवढी रद्दी कशी झाली? कथाकार ‘तो मनातून खचला’ असे लिहून मोकळा होऊ शकतो. पटकथाकाराला ते खचणे डोळ्यांना दिसेल अशी कृती शोधावी लागते, तिला स्थळ आणि वेळ द्यावी लागते, आणि मागच्या-पुढच्या प्रसंगांशी तिचा सांधा असा जुळवावा लागतो की तो कोणास जाणवू नये. संवाद हे त्यातले शेवटचे काम. हे सारे ज्याला ‘किरकोळ’ वाटते त्याने एकदा दहा पाने लिहून पाहावीत.

यावर एक आक्षेप आमच्याच मातीतून निघतो. पेडण्याकडचा दशावतार लिखित संहितेवाचून रात्रभर रंगतो. मग चित्रपटालाच लेखक कशाला? आक्षेप आकर्षक आहे, पण टिकणारा नाही. दशावतारी नटाच्या पाठीशी पुराणातले आख्यान आणि पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा उभी असते; आजचा प्रयोग फसला तर उद्याच्या गावात तो सावरतो. चित्रपट एकदाच घडतो आणि घडला तसाच राहतो. ज्या चुका कागदावर फुकट दुरुस्त होतात, त्याच चित्रणाच्या वेळी निर्मात्याची तिजोरी रिकामी करतात. ‘सेटवर बघू’ म्हणणारे निर्माते काटकसर करीत नाहीत, जुगार खेळतात.

आता कायद्याकडे वळू. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार, चित्रपटात अंतर्भूत झालेल्या वाङ्मयीन वा सांगीतिक कृतीचा चित्रपटगृहातील प्रदर्शनाखेरीज अन्य मार्गाने जो वापर होईल, त्याच्या रॉयल्टीत कर्त्याला समान वाटा आहे. हा हक्क त्याला आपल्या वारसांना वा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. निर्मात्याला लिहून दिला तरी ते लिहिणे निरर्थक ठरते. यातला ‘वाङ्मयीन’ हा शब्द वाचकांनी ध्यानात घ्यावा. निर्मात्याचा वकील उभा राहून म्हणेल, ‘पटकथा वाङ्मय नव्हे, असे यांचेच साहित्यिक सांगतात!’ त्याच्या हाती हे शस्त्र आपणच देत आहोत.

सुदैवाने न्यायालयाची दृष्टी आपल्या रसिकांहून स्वच्छ निघाली. सत्यजित राय यांनी ‘नायक’ (१९६६) ची पटकथा निर्मात्याच्या सांगण्यावरून लिहिली होती. तिचे कादंबरीरूप प्रसिद्ध झाले तेव्हा निर्मात्याच्या कुटुंबाकडून दावा दाखल झाला. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ साली निर्णय दिला की पटकथा ही वाङ्मयीन कृती आहे आणि तिचे प्रथम स्वामी रायच होत.

तथापि राय यांची गोष्ट वेगळी. आमच्या होतकरू लेखकापुढे जो कागद येतो त्यात ‘सर्व माध्यमांत, सर्व जगात, सर्वकाळ’ असे तीन शब्दप्रयोग असतात आणि तो आनंदाच्या भरात सही करतो. करारात मुदत नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो. प्रदेश नसेल तर भारतापुरता धरतो. निर्मात्याने वर्षभरात हक्क वापरला नाही तर, करारात वेगळे म्हटले नसल्यास, तो लेखकाकडे परत येतो. एवढी सारी कवचकुंडले आमचा लेखक एका सहीने उतरवून देतो. डिचोलीच्या खाणीतले खनिज आमच्या मुरगाव बंदरात कागदावाचून जहाजावर चढत नाही. वर्षभराच्या बुद्धीचा माल मात्र चहाच्या कपावर हवाली होतो!

नाटककार इतका भोळा नाही. मराठी नाटकाच्या पुस्तकात प्रयोगासाठी लेखकाची परवानगी घेण्याची सूचना छापलेली असते, आणि जत्रेत देवळापुढे नाटक करणारी हौशी मंडळीही तिचा मान राखतात. कोंकणी तियात्राच्या जाहिरातीत लेखकाचे नाव ठळकपणे मिरवते. २००४ पासून आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरविणाऱ्या या गोव्यात पटकथाकारालाच तेवढे अनाम का ठेवावे?

कोंकणी चित्रपटाला चित्रपटगृहे थोडी. त्याचे पुढले आयुष्य दूरचित्रवाणीवर आणि ओटीटीवर, म्हणजे नेमके जेथे २०१२ चा कायदा लेखकाला वाटा देतो तेथे जावयाचे आहे. म्हणून माझ्या मागण्या तीन. सारांश, पहिला खर्डा आणि अंतिम खर्डा या प्रत्येक टप्प्यावर लेखकाला पैसे मिळावेत. सरकारी साहाय्य मागणाऱ्या प्रत्येक चित्रपटाच्या अर्जाला लेखकाशी झालेला लेखी करार जोडणे सक्तीचे असावे. आणि आमच्या साहित्यसंस्थांनी पटकथा छापाव्यात, त्यांचे परीक्षण करावे, त्यांना पारितोषिके द्यावीत. पहिल्या दोन मागण्या निर्मात्यांना आणि सरकारला आहेत. त्या मान्य होण्यास वेळ लागेल. तिसरी आपल्याच हातातली आहे, आणि तिला कोणाचीही परवानगी लागत नाही.