दिसतं तेवढंच सीडीवर असतं असं नाही

सध्या माझ्या ओळखीत घरोघरी एक कार्यक्रम चालू आहे. आई-बाबांच्या कपाटातल्या जुन्या सीड्या बाहेर काढायच्या, कुणाकडून तरी यूएसबीचा ड्राइव्ह मागून आणायचा, दिसेल ते लॅपटॉपवर कॉपी करायचं, क्लाउडवर चढवायचं आणि सीड्या भंगारात द्यायच्या. एक रविवार, काम फत्ते. माझी तक्रार फक्त शेवटच्या पायरीबद्दल आहे. मंडळी, सीड्या भंगारात टाकायची एवढी घाई करू नका.

कारण सांगतो, थोडं तांत्रिक आहे. सीडी-आर वर एकदा जळालेली जागा पुन्हा कोरी होत नाही. पण ७०० एमबी एकाच बैठकीत भरा अशी सक्तीही नव्हती. आज ५० एमबी भरा, दिवाळीत आणखी ८० भरा. अशी प्रत्येक बैठक म्हणजे एक सेशन. फिलिप्स आणि सोनीच्या १९९० च्या ऑरेंज बुकात याचे नियम ठरले. १९९२ मध्ये कोडॅकने फोटो सीडी आणली तीही याच जोरावर: नवा रोल धुवायला दिला की लॅबवाला त्याच सीडीवर फोटो वाढवून देणार. (गंमत म्हणजे तेव्हाचे बरेच ड्राइव्ह फक्त पहिलंच सेशन वाचायचे, बाकीचे फोटो असून नसल्यासारखे!)

आता मेख अशी, की प्रत्येक सेशनमध्ये फाइलींची एक नवी यादी लिहिली जाते आणि कॉम्प्युटर साधारणपणे सगळ्यात शेवटची यादी वाचतो. सीडी जाळणाऱ्या सॉफ्टवेअरने जुनं सेशन इम्पोर्ट केलं असेल, तर नव्या यादीत जुन्या फाइलींचेही पत्ते येतात आणि सगळं एकत्र दिसतं. इम्पोर्ट केलं नसेल, तर जुन्या फाइली जागच्या जागी राहतात, पण यादीत नाव नाही म्हणून दिसत नाहीत. 'डिलीट' केलेल्या फाइलींचंही तेच. डिलीट कसलं, नुसतं यादीतून नाव गाळलेलं.

आमच्या सोलापूरच्या काकांकडची एक सीडी घ्या. वर मार्करने 'घरचे फोटो' एवढंच लिहिलेलं. चुलतभावाने लावून बघितली, तर आत्याच्या लग्नाचे ६१ फोटो. "हे तर आहेत की बे आपल्याकडं, दे टाकून," असं त्याचं मत. मी सहज सीडी उलटी करून उजेडात धरली. जळालेल्या भागाचा रंग कोऱ्या भागापेक्षा वेगळा दिसतो, हे तुम्हालाही माहीत असेल. ६१ फोटोंना मधला जेमतेम चतकोर पट्टा पुरला असता. इथे पार कडेपर्यंत रंग बदललेला, आणि मध्ये तीन बारीक गोल रेघा. म्हणजे चार सेशन.

आयसोबस्टर नावाच्या सॉफ्टवेअरने सगळी सेशन वेगवेगळी दिसतात. लिनक्सवाल्यांना तर माउंट करतानाच सेशनचा आकडा देता येतो. पहिल्या सेशनमध्ये २००४ च्या गड्ड्याच्या जत्रेचे फोटो निघाले. आजी पाळण्याकडे बघत उभी आहे, हातात भाग्यश्रीच्या... नाही, बांगड्यांची पिशवी आहे (हे काकूने सांगितलं, मला ती पिशवी आधी भगरीची वाटली होती). आजी २००६ मध्ये गेली. घरात तिचे धड दिसणारे दोन फोटो होते, आता एकोणीस आहेत.

लोक एका सीडीवर तुकड्यातुकड्याने का लिहायचे? तेव्हाच्या कॅमेऱ्यांची कार्डं इवलीशी, भरलं की रिकामं करणं भाग. शिवाय २००५ नंतरची काही वर्षं लोडशेडिंग. जळता जळता लाईट गेली की ते सेशन वाया, पण आधीची बहुधा शाबूत. मोठी सीडी एका दमात जाळण्यापेक्षा थोडं थोडं लिहिलेलं बरं. अर्थात हे फुकट नव्हतं: पहिल्या सेशनला सुमारे २२ एमबी आणि पुढच्या प्रत्येकाला १३ एमबी जागा नुसती हद्द आखण्यात जायची. दहा सेशन केली की १३९ एमबी त्यातच गेले.

मला यात चीड येते ती सॉफ्टवेअर बनवणाऱ्या आपल्याच जातभाईंची. इम्पोर्ट न करता लिहिलं की जुनं दिसेनासं होणार, हे कॅफेत बसलेल्या माणसाला कळेल अशा भाषेत कुणीच सांगितलं नाही. 'सेशन' म्हणजे काय हे इंजिनिअरला माहीत, फोटो मात्र इंजिनिअरच्या आजीचे नसतात फक्त. आणि आजची ऑपरेटिंग सिस्टीमही शेवटची यादी दाखवून गप्प बसते. 'अजून तीन सेशन आहेत, बघायची का?' हा एक प्रश्न विचारायला काय जातं?

हेच उलट बाजूनेही लागू आहे बरं का. ऑफिसच्या किंवा बँकेच्या कागदांच्या सीड्या 'डिलीट केलंय' म्हणून भंगारवाल्याला देत असाल, तर आधी कात्रीने दोन तुकडे करा.

घरच्या सीड्यांसाठी मात्र वेळ थोडा आहे. सीडी-आर मधला रंग उष्णतेने आणि उजेडाने खराब होतो, आणि सोलापूरचा मे महिना पत्र्याखालच्या माळ्यावर कसा असतो ते मी वेगळं सांगायला नको. मोझर बेअर, जिच्या सीड्या तेव्हा सगळीकडे असायच्या, ती २०१८ मध्ये लिक्विडेशनमध्ये गेली. नव्या लॅपटॉपांना ड्राइव्हच नसतो. काकांकडे अजून अकरा सीड्या आहेत. त्यातल्या दोन ड्राइव्हला ओळखूच येत नाहीत. उरलेल्या नऊ उलट्या करून बघितल्या, तिघींवर रेघा आहेत. पुढच्या शनिवारी इंद्रायणीने जातोय, ड्राइव्ह बॅगेत भरून ठेवलाय.